तिमोरासो: घाई करणाऱ्यांसाठी नसलेली पांढरी वाइन

इटलीच्या पिएमाँत प्रांतात, तोर्तोनाभोवतीच्या टेकड्यांवरचं हे द्राक्ष जवळपास नामशेष झालं होतं. कारण साधं: फुलोऱ्यात गळ फार, घडातले मणी एकसारखे पिकत नाहीत, उत्पन्नाचा भरवसा नाही. शेतकरी कोर्तेसे या जातीकडे वळले. १९८०च्या दशकात तिथलेच वाइन-उत्पादक वाल्तेर मासा यांनी तिमोरासो पुन्हा उभं केलं.

वाइन मात्र दणकट आहे. आम्लता धारदार, अंग (म्हणजे तोंडात जाणवणारा जडपणा) भरदार. कोवळी बाटली उघडलीत तर आंबटपणापलीकडे फारसं हाती लागत नाही. काढणीच्या वर्षापासून चार-पाच वर्षं थांबा, मग मध आणि जुन्या रिस्लिंगसारखा (ही जर्मन पांढरी वाइन) रॉकेलचा वास येतो. (हा दोष नव्हे, बाटली परत करायला धावू नका.) फ्रिजमधून काढून लगेच ओतली तर सुगंध मिटतो. वीसेक मिनिटं बाहेर ठेवा, ११-१२ अंशांवर मोठ्या ग्लासात प्या. लेबलवर ‘देर्तोना’ दिसलं तर गोंधळू नका, तोर्तोनाचं ते जुनं नाव. हलकंफुलकं काही हवं असेल तर हिच्या वाटेला न गेलेलं बरं.