स्टिकर आमचा, आतला बोर्ड भलत्याचाच

पुण्यात कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरचं चित्र तयार करणारा भाग, दुरुस्तीला टाकणाऱ्यांनी हे वाचावं म्हणून लिहिते आहे. माझ्या धाकट्या भावाचं कार्ड दुरुस्तीच्या नावाखाली बदललं गेलं. वरचं कव्हर, पंखे, मागची प्लेट आणि तिच्यावरचा सिरियल नंबरचा स्टिकर त्याचाच होता. आतला बोर्ड, म्हणजे चिपा जिच्यावर बसवलेल्या असतात ती पट्टी, मात्र दुसऱ्याच कुठल्या तरी कार्डाचा निघाला. वर साडेसहा हजार रुपये दुरुस्तीचे म्हणून घेतले ते वेगळेच. प्रकरण तक्रारीत असल्यामुळे दुकानाचं नाव लिहीत नाही; पेठांमधलं, बऱ्यापैकी गर्दी असलेलं दुकान आहे एवढंच सांगते.

कार्ड एनव्हिडिया कंपनीच्या चिपचं, आरटीएक्स ३०६०, १२ जीबीचं. २०२१च्या दिवाळीत घेतलेलं. तेव्हा मायनिंगवाल्यांनी, म्हणजे अशी कार्डं राबवून इथेरियमसारखं आभासी चलन ‘खणणाऱ्यांनी’, बाजार इतका वर नेला होता की कार्डं छापील किमतीला मिळतच नव्हती. भावाने दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन पैसे साठवले होते. वॉरंटी तीन वर्षांची, ती संपली आणि काही महिन्यांनी त्रास सुरू झाला. गेम सुरू केला की थोडा वेळ सगळं नीट चालायचं, आणि एखाद्या जड प्रसंगात पडदा एकदम काळा. मॉनिटरवर ‘नो सिग्नल’. कार्डाचे पंखे पूर्ण वेगाने घोंघावायला लागायचे, हेडफोनमध्ये गेमचा आवाज काही क्षण चालू राहायचा, आणि मग बटण दाबून धरून मशीन बंद करण्याखेरीज इलाज नसायचा. गेम नसेल तेव्हा, म्हणजे कॉलेजचं काम करताना, व्हिडिओ बघताना, काहीही व्हायचं नाही.

हा ‘काळा पडदा’ प्रकार नीट समजून घेतला पाहिजे, कारण फसवणारा त्याच्याच आडोशाला उभा असतो. लक्षण एक, कारणं अनेक. पडदा दोन-तीन सेकंद काळा होऊन परत आला, तर बहुधा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, अडकलेला असतो. ग्राफिक्स कार्डाने दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही की विंडोज ड्रायव्हर आपणहून परत सुरू करतं आणि इव्हेंट व्ह्यूअर या आपल्या नोंदवहीत ४१०१ क्रमांकाची नोंद ठेवतं. पूर्ण मशीनच बंद पडून परत चालू झालं, तर आधी एसएमपीएसकडे, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याकडे, बघायचं. तिथे कर्नल-पॉवर ४१ अशी नोंद सापडते. ही ४१ची नोंद आपण बटण दाबून मशीन बंद केलं तरी होते, म्हणून तेवढ्या एका नोंदीवरून निकाल लावू नये. गेमचा आवाज व्यवस्थित चालूच आहे, कीबोर्ड-माउसला गेम प्रतिसादही देतोय आणि फक्त चित्र गेलंय, तर एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टची केबल बदलून बघायला काही खर्च नाही. आणि आमच्यासारखं पंखे घोंघावत राहून सगळं गोठलं, तर कार्डाला पुरेशी वीज मिळत नसेल, कार्ड तापत असेल, किंवा कार्डच बिघडलं असेल. या तिन्ही गोष्टी बाहेरून हुबेहूब सारख्या दिसतात. त्यामुळे कार्ड मशीनमध्ये न लावता, नुसतं हातात घेऊन कारण सांगणारा माणूस अंदाज तरी करतोय किंवा खोटं तरी बोलतोय.

आमच्या बाबतीत नेमकं तेच झालं. काउंटरवरच्या माणसाने कार्ड उलटसुलट करून पाहिलं, टॉर्च मारला आणि म्हणाला, “दादा, याची चिप सुटलीय. थ्री-झिरो-सिक्स-झिरोत कॉमन आहे. रिबॉलिंग करावं लागेल.” भावाने विचारलं, आधी एकदा तुमच्या मशीनवर लावून बघता का? तर म्हणाला, “लावलं तर शॉर्ट होऊन पूर्णच जाईल, मग आम्हाला सांगू नका.” वीस-बावीस वर्षांच्या मुलाने यापुढे काय बोलायचं? आपली चार वर्षं जपलेली वस्तू आपल्याच हट्टापायी जाईल ही भीती घातली की कुणीही गप्प बसतं.

रिबॉलिंग म्हणजे काय तेही सांगते. ग्राफिक्सची मुख्य चिप बोर्डावर खालच्या बाजूला असलेल्या शेकडो बारीक सोल्डरच्या गोळ्यांवर बसवलेली असते. ती गरम हवेच्या मशीनने उचलायची, जुने गोळे साफ करायचे, नवे बसवायचे आणि चिप परत जोडायची. शिसं नसलेलं सोल्डर साधारण २१७ अंशांना वितळतं, तेव्हा पूर्ण बोर्डाला किती ताप सोसावा लागतो याची कल्पना येईल. काम खरं आहे, ते नीट करणारे कारागीर पुण्यात आहेत. पण ते शेवटचं काम आहे. केबल, एसएमपीएस, ड्रायव्हर, तापमान यांतलं काहीही न तपासता पहिल्याच वाक्यात रिबॉलिंग सांगणं म्हणजे पोट दुखतंय म्हणणाऱ्याला थेट ऑपरेशन टेबलवर चढवणं.

कार्ड परत यायला बराच काळ गेला. दर वेळी ‘उद्या’. शेवटी व्हॉट्सॲपवर “कार्ड रेडी आहे, घेऊन जा” असा निरोप आला. पावती मागितली तर कोऱ्या चिठ्ठीवर ‘जीपीयू रिपेअर, नो वॉरंटी’ लिहून दिलं. जीएसटी क्रमांक नाही, कार्डाचा सिरियल नंबर नाही. पैसे यूपीआयने दिले होते, तेवढा पुरावा राहिला. दुकानात त्यांनी कार्ड लावून डेस्कटॉप दाखवला. डेस्कटॉप तर दुरुस्तीला देण्याआधीही दिसत होताच!

घरी आल्यावर गेम लावला आणि पुन्हा पडदा काळा. त्यात आता नवीन भर पडली होती: काळा होण्याआधी पडद्यावर रंगीत ठिपके आणि चौकोन उमटायचे. हे पूर्वी कधीच नव्हतं. दुकानदार म्हणाला, “आम्ही नो वॉरंटी लिहून दिलंय.”

मग मी त्यात पडले. मला गेममधलं काही कळत नाही, पण हिशेबाची कामं करते, कागद बघायची सवय आहे. ऑफिसमधल्या एकांनी धनकवडीतल्या एका काकांचं नाव सुचवलं. घरच्या घरीच दुरुस्ती करतात. त्यांनी कार्डाला आधी हातच लावला नाही. कॅबिनेटची बाजू उघडली, कार्डाला वीज देणारी केबल बोटाने चाचपली आणि म्हणाले, “हे काय लावलंय रे?” आमचा एसएमपीएस कॅबिनेटबरोबर आलेला, ‘५०० वॉट’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेला, हलका. त्याला आठ पिनांची केबलच नव्हती. मशीन जोडणाऱ्याने मोलेक्स नावाच्या दोन जुन्या, चार पिनांच्या प्लगांवरून कन्व्हर्टर लावून दिला होता. त्या कन्व्हर्टरचं पांढरं प्लॅस्टिक एका बाजूने पिवळं पडलं होतं.

काकांनी गणित समजावलं. ३०६० पूर्ण जोरात १७० वॉट घेतं. मदरबोर्डच्या स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात, म्हणजे उरलेले शंभराच्या आसपास वॉट या केबलमधून यायला हवेत. त्यात जड दृश्य आलं की कार्ड क्षणभर याहूनही जास्त ओढतं. स्वस्त एसएमपीएस तिथे मान टाकतो. एनव्हिडिया स्वतः या कार्डाला ५५० वॉटचा एसएमपीएस सांगते, तोही खरोखर तेवढे वॉट देणारा.

मग त्यांनी केलेली तपासणी मला फार आवडली, कारण तिच्यात विश्वास ठेवायची गरजच नव्हती, सगळं डोळ्यांसमोर होतं. भावाच्या मित्राचं चांगलं चालणारं कार्ड मागवलं आणि आमच्या जुन्या एसएमपीएसवर लावलं. गेममध्ये पडदा काळा, पंखे जोरात. तेच कार्ड काकांच्या चांगल्या एसएमपीएसवर लावलं, अडचण नाही. म्हणजे मूळ दोष एसएमपीएसचा आणि त्या कन्व्हर्टरचा होता. रिबॉलिंगची गरज असल्याचं एकही चिन्ह नव्हतं. घरी ज्यांना दुसरा एसएमपीएस मिळत नाही त्यांच्यासाठी काकांनी एक उपाय सांगितला, तो इथे देते: आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा, गेमचे फ्रेम सेकंदाला ६०वर बांधा आणि खेळून बघा. एवढ्याने काळा पडदा थांबला, तर दुकानात जाण्याआधी वीजपुरवठ्याचा आणि तापमानाचा विचार करा. तापमान एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅममध्ये दिसतं. नुसता वरचा आकडा नाही, ‘हॉटस्पॉट’चा, म्हणजे चिपवरच्या सगळ्यात तापलेल्या जागेचा, आकडाही बघा.

पण आमचं दुरुस्त होऊन आलेलं कार्ड चांगल्या एसएमपीएसवरही ठिपके दाखवत होतं. काकांनी कार्डाची माहिती दाखवणारा जीपीयू-झेड हा प्रोग्रॅम उघडून विचारलं, “याचा जुना फोटो आहे का?” होता. कार्ड घेतलं तेव्हा ते अस्सल आहे ना हे विचारायला भावाने मित्राला जीपीयू-झेडचा स्क्रीनशॉट पाठवला होता. दोन्ही शेजारी ठेवले. जुन्यात मेमरी सॅमसंगची, आताच्यात हायनिक्सची. जुन्यात चिपचा डिव्हाइस आयडी, म्हणजे तिचा प्रकार सांगणारा क्रमांक, २५०४, आताच्यात २५०३.

या दोन आकड्यांमागे इतिहास आहे. ३०६० हे कार्ड २५ फेब्रुवारी २०२१ला आलं. मायनिंगवाल्यांनी ते उचलू नये म्हणून एनव्हिडियाने त्याचा इथेरियम खणण्याचा वेग मुद्दाम अर्ध्यावर आणला होता. मार्चमध्ये कंपनीच्याच एका चाचणी ड्रायव्हरमधून तो अडथळा चुकून निघून गेला. म्हणून मे २०२१पासून नव्या चिपा आणल्या, ज्यांना एलएचआर (लाइट हॅश रेट, म्हणजे मायनिंगचा वेग कमी केलेल्या) म्हणतात. त्या नव्या चिपांचा आयडी २५०४ आणि सुरुवातीच्यांचा २५०३. म्हणजे दिवाळीत घेतलेल्या आमच्या कार्डात नवी चिप होती, आणि आता आमच्या कव्हरखाली मायनिंगवाल्यांची लाडकी, सुरुवातीची चिप बसली होती. १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि अशी रात्रंदिवस राबलेली कार्डं ढिगाने जुन्या बाजारात आली. त्यातलंच एक आमच्या वाट्याला आलं असावं असं काकांचं मत पडलं. कार्ड उघडल्यावर ते पटलं. मेमरीवरच्या थर्मल पॅडमधून, म्हणजे उष्णता वाहून नेणाऱ्या मऊ पट्ट्यांमधून, झिरपलेलं तेल बोर्डभर पसरलं होतं, वीजपुरवठ्याच्या भागाजवळ बोर्ड तपकिरी पडला होता. आणि चिपच्या चारी कडांना जुनी, घट्ट बसलेली धूळ. चिप उचलून परत बसवली असती तर ती धूळ राहिली नसती, सोल्डर करताना लावतात त्या फ्लक्सचा डाग तरी दिसला असता. म्हणजे ज्याचे पैसे घेतले ते काम या बोर्डावरही झालेलं नव्हतं.

आम्ही दोघं दुकानात गेलो. आधी उत्तर आलं, “ताई, सॉफ्टवेअर काहीही दाखवतं.” मग, “रिबॉलिंग केल्यावर आयडी बदलतो.” हे साफ खोटं आहे, तीच चिप परत बसवली तर तिचा आयडी तोच राहतो. तसं म्हटल्यावर, “मग कारागिराने चिप बदलली असेल.” मी विचारलं, मग जुनी चिप कुठे आहे, मेमरीच्या सगळ्या चिपा का बदलल्या, आणि चिठ्ठीवर ते का नाही? त्यावर मालक आतून येऊन म्हणाले, “तुम्हाला जिथे जायचं तिथे जा.”

तिथे गेलो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली. तिथून विचारणा गेल्यावर साडेसहा हजार यूपीआयने परत आले, बोर्डाबद्दल मात्र एक शब्द नाही. पैसे परत आले की माणूस गप्प बसेल असा त्यांचा हिशेब असणार. पण मुख्य नुकसान बोर्डाचं आहे. विश्वासाने ताब्यात दिलेली वस्तू हडपणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली गुन्हा आहे आणि फसवणूक कलम ३१८ खाली, म्हणून पोलीस चौकीत लेखी अर्ज देऊन पोच घेतली. ग्राहक संरक्षण कायदा २०१९नुसार दुरुस्ती ही सेवाच असल्यामुळे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार ऑनलाइन, ई-जागृती पोर्टलवरून दाखल केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं.

तक्रारीला सगळ्यात जास्त बळ आलं ते चार वर्षांपूर्वीच्या त्या एका स्क्रीनशॉटमुळे. म्हणून सांगते, कार्ड आज ठणठणीत असलं तरी जीपीयू-झेडच्या पहिल्या पानाचा स्क्रीनशॉट आजच काढा आणि स्वतःलाच मेल करून ठेवा. त्यात डिव्हाइस आयडी, बायोसची (कार्डातल्या मूळ सॉफ्टवेअरची) आवृत्ती आणि मेमरीची कंपनी हे तिन्ही दिसू द्या. नुसत्या सिरियल नंबरवर विसंबू नका, तो स्टिकर मागच्या प्लेटवर असतो आणि प्लेट चार स्क्रूंनी निघते. बोर्डावर स्वतःचा वेगळा बारकोड असेल तर कडेने त्याचाही फोटो घ्या. दुकानात कार्ड दिल्याची पावती घेताना हे आकडे तिच्यावर लिहून घ्या आणि सही मागा. बिघाड आपल्यासमोर दाखवायला सांगा, आणि दुरुस्तीनंतर डेस्कटॉप नाही तर निदान अर्धा तास गेम किंवा ओसीसीटी या तपासणीच्या प्रोग्रॅमची मेमरी चाचणी चालवून घ्या. प्रामाणिक माणूस याला नाही म्हणत नाही. काकांनी तर आम्ही न मागता स्वतःच फोटो काढून ठेवले होते.

भावाच्या मशीनला आता ६५० वॉटचा चांगला एसएमपीएस बसवला आहे. आमच्याकडे कार्ड अजून तेच, ठिपकेवालं. पुरावा म्हणून ते पिशवीत बंद करून माझ्या कपाटात ठेवलं आहे. जिल्हा आयोगात दोन्ही स्क्रीनशॉट, यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपचे निरोप, ती चिठ्ठी आणि काकांनी सहीनिशी दिलेला तपासणीचा कागद जोडला आहे. सुनावणीची तारीख अजून लागायची आहे. याच प्रकारे कार्ड बदलून मिळालेलं कुणी पुण्यात असेल, तर त्यांनीही आपली तक्रार वेगळी नोंदवावी. एकाच दुकानाविरुद्ध दुसरी तक्रार आली, तर ‘कारागिराची चूक’ हे उत्तर टिकणार नाही.