105 केबलची की 105 डीआय-टू? रोडबाईक घेताना गिअरचा हिशोब

फ्रेम पसंत पडलेली असते, माप जमलेलं असतं, रंगही घरच्यांना आवडलेला असतो. मग दुकानदार सांगतो, हीच सायकल दोन प्रकारांत आहे. एकीचे गिअर केबलवर, दुसरीचे बॅटरीवर. दोघींच्या किमतीत फरक एवढा, की तेवढ्यात चाकांची उत्तम जोडी यावी. आमच्या रविवारच्या ग्रुपमधली नवी मंडळी नेमकी इथे अडकली की मला फोन करतात. 'परवडत असेल तर इलेक्ट्रॉनिक घ्या' हे त्यावरचं ठरलेलं उत्तर मला पटत नाही. परवडणाऱ्यांपैकी कित्येकांना त्याची गरज नसते, आणि ज्यांना खरोखर गरज असते ते भाव ऐकून मागे फिरतात.

मी सहा वर्षं केबलवर चालवली आणि गेली तीन वर्षं डीआय-टूवर, म्हणजे शिमानोच्या बॅटरीवरच्या गिअरवर. दोन्ही सायकली पुण्याच्या आसपासच्याच रस्त्यांवर, ऊन-पावसात फिरल्या.

तुलना शिमानो या गिअर बनवणाऱ्या कंपनीच्या '105' या गिअरसंचापुरतीच ठेवते, कारण निवड करायची खरी जागा तीच आहे. 2021 मध्ये तिच्या वरच्या श्रेणी, ड्युरा-एस आणि अल्टेग्रा, 12 स्पीड झाल्या त्या फक्त इलेक्ट्रॉनिक होऊनच. 105 डीआय-टू 2022 मध्ये आली आणि पुढच्याच वर्षी 105 ची 12 स्पीड केबलवालीही आली. दोघींना मागे 12 कॉग (दातेरी चक्रं), दोघींना हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, पुढे तीच 50 आणि 34 दात्यांची दोन चक्रं (चेनरिंग) आणि मागे 11 ते 34 दात्यांच्या कॉगचा संच (कॅसेट). फरक उरतो तो फक्त गिअर कोण ढकलतं याचा, तार की मोटर.

ब्रेकचं मुद्दाम सांगितलं. पुष्कळ जण घरची जुनी रिम ब्रेकवाली सायकल चालवून दुकानात येतात, डीआय-टूची चक्कर मारतात आणि हरखून जातात. त्या आनंदातला अर्धा वाटा हायड्रॉलिक ब्रेकचा असतो, आणि तो ब्रेक केबलवाल्या 105 वरही तितकाच चांगला मिळतो. म्हणून चक्कर मारायची तर दोन्ही डिस्कवाल्यांवर, एकामागून एक मारा.

हाताला काय जाणवतं

केबलवर मागचा गिअर हलका करायचा तर ब्रेकचा पूर्ण लिव्हर आत ढकलावा लागतो. पुढे लहान चेनरिंगवरून मोठीवर जायचं तर डाव्या हाताला तोच झोका लांबवर न्यावा लागतो, तोही जोर लावून. माझे तळवे लहान आहेत. सकाळच्या साठ-सत्तर किलोमीटरमध्ये याचं काहीच वाटत नाही. मुळशीहून ताम्हिणीकडे जाताना रस्ता सारखा वरखाली होतो, तिथे दुपारपर्यंत डावा अंगठा आणि मनगट बोलायला लागतं. आणि 200 किलोमीटरच्या पुढच्या बीआरएमवर (ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइडवर), रात्री, करंगळी नि तिच्या शेजारचं बोट बधिर झालेलं असताना, तो झोका नको म्हणून मी मोठ्या चेनरिंगवर जायचंच टाळायची. सपाट रस्त्यावर लहान चेनरिंगवर पाय भराभर फिरवत राहायची. गिअर असून न वापरल्यासारखं होतं ते.

डीआय-टूवर तीच हालचाल म्हणजे बटण दाबणं. बोट जेमतेम हलतं, खाली मोटर 'झिप्प' करते आणि चेन जागेवर बसलेली असते. पुढचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) मागचा गिअर बघून आपला आपण थोडा सरकतो, त्यामुळे चेन पिंजऱ्याला घासण्याची ती खरखर बंद होते. केबलवर हे काम डाव्या लिव्हरची अर्धी टिचकी मारून स्वतः करावं लागतं, आणि नवख्यांना ते कोणी शिकवतच नाही.

याची दुसरी बाजू पावसात कळते. दोन्ही बटणं एकमेकांना चिकटून असतात. ओले, जाडे हातमोजे घातले की हलक्याऐवजी जड गिअर पडतो, तोही ऐन चढावर. कोणतं बटण काय करेल हे फोनवरच्या अॅपमधून बदलता येतं, पण ओल्या बोटाला दोन्ही सारखीच लागतात. केबलच्या लिव्हरमध्ये ही गफलत कधी झाली नाही.

शिरवळची रात्र

केबलवाल्या सायकलचं माझं सगळ्यात वाईट गाऱ्हाणं 300 च्या बीआरएमवरचं. साताऱ्याकडून परतताना शिरवळच्या अलीकडे मागचे गिअर कुरकुरायला लागले. हलका पडायला दोनदा ढकलावं लागत होतं. दहा-पंधरा किलोमीटर मी बॅरल अॅडजस्टर (तारेचा ताण बदलणारा स्क्रू) फिरवत बसले. मग उजवा लिव्हर एकदम सैल पडला आणि चेन खाली 11 च्या कॉगवर जाऊन बसली. उजव्या शिफ्टरच्या, म्हणजे गिअरच्या लिव्हरच्या, आत, जिथे तार घट्ट वळण घेते, तिथे ती एकेक धागा करत तुटत आलेली होती. ढकलण्याआधी मी ते बघितलंच नव्हतं.

लहान चेनरिंग 34, मागे 11. मिनिटाला 60 फेरे मारायचे तर सायकल ताशी 23 किलोमीटरने पळायला हवी, आणि समोर होता जुना कात्रज घाट. डोक्यावरच्या टॉर्चच्या उजेडात मागच्या डिरेलरचा हाय लिमिटचा स्क्रू (चेन किती बाहेर जाईल ते ठरवणारा) आवळून चेन दोन कॉग आत आणली. 34 ला 15. शिंदेवाडीपासून जुन्या बोगद्यापर्यंत अर्धं उभं राहून पॅडल मारलं, अर्धं अंतर चालत गेले. वेळेत पोचले, पण गुडघा पुढे महिनाभर दुखत होता. दुसऱ्या दिवशी तुटलेल्या तारेचं टोक आणि तिचे केसासारखे धागे चिमट्याने शिफ्टरमधून काढायला दीड तास लागला.

'केबल काय, कुठेही दुरुस्त होते' हे वाक्य म्हणूनच अर्धंच खरं आहे. गावातल्या सायकलच्या दुकानात मिळते ती ब्रेकची तार, ती जाड असते. गिअरची तार 1.2 मिलिमीटरची आणि तिच्या टोकाचा मणीही वेगळा. ती वाईलाच काय, साताऱ्यातही वेळेवर हाती येईल याची खात्री नाही. पण तीच तार स्वतःच्या सॅडलबॅगेत गुंडाळून ठेवली तर तिचं वजन नगण्य, आणि ती टाकायला एक अॅलन की आणि वीस मिनिटं पुरतात. मी तेव्हा ती नेली नव्हती. दर 3-4 हजार किलोमीटरला आतली तार बदलली असती तर ती रात्र आलीही नसती.

बॅटरी वेगळ्या तऱ्हेने दगा देते

तार बिघडण्याआधी कुरकुरते. बॅटरी शेवटपर्यंत चोख चालते. 12 स्पीडच्या डीआय-टूला एका चार्जमध्ये साधारण 1000 किलोमीटर मिळतात असं कंपनी सांगते. घाटात सारखे गिअर बदलणाऱ्याला त्याहून कमी धरायला हवेत. चार्ज फार उतरला की आधी पुढचा डिरेलर काम थांबवतो, मागचा आणखी थोडा वेळ साथ देतो, मग तोही असेल त्या गिअरवर थांबतो. म्हणजे पुढचा हलेनासा झाला की चढाचा गिअर टाकून घ्यायचा आणि घर गाठायचं. चार्जिंगची जागा मागच्या डिरेलरवरच आहे, पॉवरबँक चालते. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिससारख्या 1200 किलोमीटरच्या राइडला झोपेच्या थांब्यावर ती लावून ठेवायची. 200, 300, 400 ला निघण्याआधी पूर्ण चार्ज केली की विषय संपतो.

शिफ्टरमधल्या बटण-बॅटऱ्यांकडे मात्र लक्ष हवं. ती सीआर 1632. घड्याळाच्या दुकानात मागाल तर सीआर 2032 लगेच पुढे करतील, 1632 सहसा नसते. काही वर्षं चालते म्हणून माणूस विसरून जातो. एक जोडी घेऊन पंक्चरच्या सामानात टाका.

स्रॅम या दुसऱ्या गिअर कंपनीचं गणित थोडं निराळं आहे. त्यांनी 2015 मध्ये वायर काढूनच टाकली. दोन्ही डिरेलरना आपापली छोटी बॅटरी, साधारण 60 तासांची, आणि दोन्ही एकसारख्या. मागची संपली तर पुढची काढून मागे लावता येते, ही सोय मला फार आवडते. शिफ्टरमध्ये 2032 चालते. सायकल गाडीच्या कॅरिअरवर टाकून लांब न्यायची असेल तर त्या बॅटऱ्या काढून ठेवा, कारण हादऱ्यांनी यंत्रणा जागी राहते आणि चार्ज वाटेतच उतरतो.

चिखल आणि मजुरी

पावसाळ्यात केबलवाल्या सायकलचे हाल जास्त. मागच्या चाकाचं मातकट पाणी हाऊसिंगच्या (तारेवरच्या नळीच्या) शेवटच्या तुकड्यात शिरतं. मग हलका गिअर नीट पडतो, पण हलक्यावरून जडवर येताना चेन रेंगाळते, कारण तार मागे ओढून नेण्याचं काम एकट्या स्प्रिंगवर असतं. श्रावण संपेस्तोवर मी दोनदा तार पुसून तेल घालायची. डीआय-टूला हे काहीच नाही. धुवायची, चेनला तेल द्यायचं, झालं.

हल्ली तारा फ्रेममध्ये हेडसेटमधून (हँडल फिरतं त्या बेअरिंगच्या जागेतून) आत जातात, त्याचाही विचार करा. अशा फ्रेमवर केबलचं हाऊसिंग बदलायचं तर स्टेम (हँडल धरणारा भाग) उघडावा लागतो आणि मजुरी चांगलीच वाढते. तारांना तीव्र वळणंही घ्यावी लागतात, म्हणून गिअर पहिल्यापासून जरा जडच चालतात. अशी फ्रेम घेत असाल तर मी डीआय-टूच्या बाजूने आहे. तारा बाहेरून किंवा डाउनट्यूबमधून (फ्रेमच्या खालच्या नळीतून) जाणारी साधी फ्रेम असेल तर केबलची बाजू एकदम भक्कम होते.

सायकल पडली तर दोन्हीकडे हँगर (मागचा डिरेलर जिथे बसतो तो तुकडा) वाकतो, आणि वाकलेला हँगर मोटर सरळ करत नाही. 'डीआय-टूला ट्यूनिंग लागत नाही' म्हणणाऱ्यांना हे सांगावंसं वाटतं. फरक पडतो तो बिलात. आदळून तुटलेला केबलचा डिरेलर आणि मोटरवाला डिरेलर यांच्या किमती घेण्याआधीच विचारून ठेवा. तो आकडा सायकलच्या किमतीपेक्षा जास्त बोलका आहे.

जुनं झाल्यावरचंही बघा. शिमानोचं पहिलं डीआय-टू 2009 चं. त्याची वायरिंग पुढच्या पिढीला चालत नाही, त्यामुळे तेव्हाच्या सायकलवाल्याला आज एक शिफ्टर बदलणंसुद्धा अवघड आहे. त्याच वर्षाची केबलची सायकल अजून आरामात रस्त्यावर ठेवता येते. सायकल पंधरा वर्षं वापरून मुलीला द्यायची असेल, तर केबलच घ्या.

वेग? चढ चढायला पायच लागतात. गिअर पटकन पडल्याने तुमची सिंहगडाची वेळ बदलणार नाही.

तर मग कोणी कोणती घ्यावी

पहिलीच रोडबाईक, आठवड्याला शंभर-दीडशे किलोमीटर, अधूनमधून लोणावळा किंवा पाचगणी: केबलची 105, मनात काही न ठेवता. उरलेल्या पैशांतून आधी बाईक-फिट करून घ्या, मग चांगले टायर. बसणं चुकलेलं असेल तर कितीही महाग गिअर पाठदुखी थांबवत नाहीत.

हातांना संधिवात आहे, बोटात जोर नाही, तळवे फार लहान आहेत, किंवा 400-600 च्या बीआरएम करायच्याच आहेत, अशांनी डीआय-टूसाठी थांबावं, पैसे साठवावेत, हवं तर हलकी कार्बन फ्रेम सोडून अॅल्युमिनियमची घ्यावी. माझ्याच वयाच्या एका मैत्रिणीने सांधे दुखतात म्हणून सायकल विकायला काढली होती. बटणाचे गिअर लावले आणि ती पुन्हा आमच्याबरोबर यायला लागली. असं काही पाहिलं की त्या पैशांना 'चैन' म्हणवत नाही.

ट्रायथलॉनवाल्यांना इलेक्ट्रॉनिकचा फायदा सगळ्यात मोठा, कारण एरोबारवर (पुढे झुकून हात टेकवायच्या जादा दांड्यांवर) आणि खालच्या हँडलवर दोन्हीकडे बटणं लावता येतात. पण इथे 105 घेताना सावध राहा. तिच्या रोडच्या शिफ्टरना जादा बटणं जोडायची सोय नाही, ती अल्टेग्रापासून पुढे मिळते. साध्या रोडबाईकवर पुढे एरोबार चढवायचा बेत असेल तर दुकानात हा प्रश्न आधी विचारा.

आणि एक प्रश्न तुमच्या मेकॅनिकला: डिरेलर अॅपला जोडून त्याने कधी सेटिंग केलं आहे का? पुण्या-मुंबईत, नाशिकमध्ये असे लोक सापडतात. तुमच्या गावी नसतील, तर वर्षातून दोनदा सायकल शहरात न्यायचा खर्च आणि ते दिवस किमतीत धरा.