कमरेचा माईक आणि पाण्यातली स्ट्रॉ : बसलेल्या घशासोबत आठ महिने

आधी सांगते, मी गणित शिकवते, आठवी-नववीला, चिपळूणकडच्या एका शाळेत. वर्गात 58 मुलं, डोक्यावर पत्रे आणि जुलैतला पाऊस. ज्यांनी कोकणात पत्र्याखाली शिकवलंय त्यांना पुढचं सांगायला नको. समोरच्या बाकावरच्याला ऐकू जायचं नाही तिथे शेवटच्या बाकावर त्रैराशिक काय पोचणार, मग आपण ओरडतो, आणि ओरडतोय हे आपल्याला कळत पण नाही. गोंगाट वाढला की माणूस आपोआप आवाज चढवतो, ह्याला लाँबार्ड इफेक्ट म्हणतात, फ्रेंच डॉक्टरच्या नावावरून. मी बारा वर्षं हा इफेक्ट फुकटात राबवला.

गेल्या जूनमध्ये घसा बसला तो उठेचना. सकाळी बरा, तिसऱ्या तासाला घोगरा, संध्याकाळी घरी नुसती हवा. सासूबाईंचा आल्याचा काढा झाला, मध झालं, खडीसाखर झाली, ज्येष्ठमधाची कांडी तर दिवसभर तोंडात. (ज्येष्ठमध बीपीवाल्यांनी जपून, जास्त झालं तर बीपी वाढतं. माझं वाढलेलं निघालं, ते त्यामुळेच का ते माहीत नाही, पण बंद केलं.) पुदिन्याच्या थंडगार गोळ्या पण भरपूर खाल्ल्या, त्यांचा घोळ असा की घशाला बरं वाटतं म्हणून आपण अजून बोलतो.

दीड महिन्याने ईएनटीकडे गेले. खरं म्हणजे तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त दिवस आवाज बसलेला असेल तर दाखवायलाच हवं, मी उगाच लांबवलं. जीभ बाहेर ओढून धरली, घशात दांडीचा कॅमेरा आणि म्हणे ईईई करा. स्क्रीनवर दोन पांढऱ्या पट्ट्या, त्या स्वरतंतू, आणि दोन्हीवर समोरासमोर बारकासा फुगवटा. नोड्यूल. डॉक्टर म्हणाले कोयता धरून हाताला घट्टे पडतात ना, तसेच हे. ऑपरेशनचं आत्ता नाव नको, आधी स्पीच थेरपी.

घरी येऊन हिशोब मांडला, सवयच आहे. बाईच्या आवाजात स्वरतंतू सेकंदाला साधारण 200 वेळा एकमेकांवर आपटतात. तासात पंधरा मिनिटं जरी प्रत्यक्ष आवाज निघाला तर 900 सेकंद, म्हणजे 1,80,000. दिवसाला सहा तास, झाले 10,80,000. आणि हे साधं बोलताना, ओरडताना तर अजून जोरात आपटतात. घट्टे पडणार नाही तर काय.

आता मुद्द्याचं, दोन वस्तू ऑगस्टपासून वापरतेय.

पहिली स्ट्रॉ. थेरपिस्टने पहिल्याच दिवशी अर्धा ग्लास पाणी आणि स्ट्रॉ हातात दिली तेव्हा मला वाटलं ह्यासाठी मी फी भरली? करायचं एवढंच, स्ट्रॉ पाण्यात दोन बोटं खोल बुडवायची आणि तिच्यातून ऊऊऊ करत बुडबुडे काढायचे, दोन मिनिटं, दिवसातून पाच-सहा वेळा. मग खालून वर, वरून खाली, सायरनसारखं. अमेरिकेतले इंगो टिट्झे म्हणून आवाजशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी हा स्ट्रॉचा प्रकार लोकप्रिय केला. समोरून पाण्याचा अडथळा असल्यामुळे हवेचा दाब थोडा उलटा मागे येतो, त्याने स्वरतंतू एकमेकांवर जोरात न आपटता हलके थरथरतात, आणि आवाज तर निघतोच. म्हणजे आवाजाला मालिशच. एक खूण सांगितली ती फार कामाची, मधेच नाक चिमटीत धरायचं, आवाज बदलला तर हवा नाकातून गळतेय, म्हणजे चुकतंय. माझं पहिले चार दिवस गळतच होतं.

प्लॅस्टिकच्या स्ट्रॉ 2022 पासून बंद, आणि कागदी स्ट्रॉ दोन मिनिटांत लगदा. म्हणून स्टीलच्या घेतल्या, चारचा सेट ब्रशसकट 150 रुपयांना. ब्रशने रोज धुवा नाहीतर आत काय साचतं ते बघवत नाही. फरक साधारण तिसऱ्या आठवड्यात जाणवला, तोही आधी मला नाही, नवऱ्याला, फोनवर म्हणाला आज सुट्टी होती का.

दुसरी वस्तू कमरेला बांधायचा माईक. 1,450 रुपये. कंपनी सांगत नाही, सगळे एकाच कारखान्यातून आल्यासारखे दिसतात. डोक्याला हेडसेट, कमरेला स्पीकरचा डबा. तक्रारी भरपूर आहेत. डब्याच्या जवळ माईक गेला की शिट्टी मारतो, फळ्याकडे वळले की हमखास. साडीवर पट्टा बसत नाही आणि पदर घासून खर्र खर्र होतं, म्हणून मी डबा सरळ टेबलावर ठेवते आणि तार जेवढी पुरते तेवढीच फिरते. बॅटरी दहा तास लिहिलीय, पाच तास धरून चाला. नोव्हेंबरात तार हेडसेटच्या मुळाशी तुटली, मोबाईलवाल्याने 50 रुपयांत डाग दिला, परत फेब्रुवारीत तुटली. मुसळधार पावसात त्याचाही उपयोग बेताचाच, तेव्हा मी तोंडी शिकवणं सोडून गणितं सोडवायला देते.

पण ह्या माईकने एक काम केलं जे कुठल्या जाहिरातीत नाही. मी बोलता बोलता खाकरते हे मला कळायचंच नाही, आता ते खाकरणं स्पीकरमधून 58 जणांना ऐकू जायला लागलं. आठवी ब मधला एक पोरगा वहीच्या मागच्या पानावर काहीतरी खुणा करताना सापडला, बघते तर ताळ्याच्या खुणा, चार उभ्या एक आडवी, आमचा नुकताच झालेला धडा. काय मोजतोयस, तर म्हणे बाई, तुमचं खॅक. एका तासात 23! रागवायचं का शाबासकी द्यायची तेच समजेना. खाकरताना स्वरतंतू एकमेकांवर खरवडले जातात, वाईटात वाईट सवय, त्यापेक्षा पाण्याचा घोट घ्या किंवा नुसतं गिळा. त्या पोराला मी मोजायचं कामच देऊन टाकलं. दिवाळीनंतर 4 वर आलं. वाफ घेतली, पाणी वाढवलं, रात्री दहाचं जेवण साडेसातला आणलं (आम्ल वर येऊन पण आवाज बसतो), पण माझ्या मते ह्या पोराइतका फायदा कशाचा झाला नाही.

मधे एकदा सगळं मुसळ केरात गेलं. गणपती. पाच दिवस वाडीतल्या प्रत्येक घरी आरत्या, आणि आमच्याकडे आरती हळू म्हणायची पद्धत नाही. सहाव्या दिवशी आवाज शून्य. मग तीन दिवस गप्प राहायला सांगितलं, तर मी हुशारी करून कुजबुजत बोलत होते, तर थेरपिस्ट म्हणाली तेही नको, कुजबुजताना पण घशाला ताण पडतो, त्यापेक्षा हळू पण साध्या आवाजात बोला. वर्गात गप्प करायला तेव्हापासून टाळी वाजवते, दोन सावकाश तीन भरभर, मुलं परत वाजवतात आणि गप्प होतात. आधी हेच काम घसा करत होता.

जानेवारीत परत कॅमेरा, परत ईईई. डावीकडचा फुगवटा जवळपास गेलाय, उजवीकडचा आहे पण बारीक झालाय. वरच्या पट्टीतला आवाज अजून फाटतो, ते खोटं कशाला सांगू. संध्याकाळी मात्र घरी बोलायला आवाज शिल्लक असतो.

तर स्ट्रॉला दहापैकी दहा. माईकला सहा, आणि ते सहाही त्या पोरामुळे. सासरे भजनात बुवा आहेत, आधी म्हणायचे असले बुडबुडे काढण्यापेक्षा खर्ज लाव. आता चारातली एक स्ट्रॉ गायब आहे आणि भजनाच्या बारीच्या आधी पडवीतून बुडबुड आवाज येतो, मी विचारत नाही.

बिनतारी माईक कोणी साडीवर वापरत असेल तर तो डबा नक्की अडकवता कुठे तेवढं सांगा, जूनच्या आत घ्यायचाय.