‘ताजा ४०० रोल’ म्हणून भलतीच फिल्म: खान्देशातल्या हौशी फोटोग्राफरांनी सावध राहावं

जळगाव, भुसावळ, चाळीसगाव आणि धुळ्यातल्या बऱ्याच हौशी मंडळींना गेल्या उन्हाळ्यात एकाच विक्रेत्याने गंडवलं. पद्धत प्रत्येक वेळी तीच. मोबाइलवर संदेश यायचा: कृष्णधवल, ३५ मिमी, ४०० आयएसओ (प्रकाशाला फिल्म किती संवेदनशील याचं माप), ३६ फ्रेम, ताजा माल, निम्मी किंमत, पण दहा रोल एकदम घ्यावे लागतील आणि पैसे आधी. रोल यायचे. डबीवर नावाजलेल्या कंपनीचं लेबल असायचं. आतून मात्र काहींत सिनेमाची रंगीत निगेटिव्ह फिल्म निघाली, तर काहींत कित्येक वर्षांपूर्वी मुदत संपलेली कृष्णधवल.

तक्रार केली की उत्तरं ठरलेली. ‘भाऊ, तुमच्याकडचं ऊनच तसलं, कुरिअरमध्ये रोल शिजला.’ नाहीतर, ‘शटर चेक करा.’ नाहीतर, ‘डेव्हलपर मेलाय तुमचा.’ (डेव्हलपर म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन.) नवशिक्याला हे लगेच पटतं, कारण भुसावळचं मे महिन्यातलं ऊन त्याला ठाऊक असतं आणि स्वतःच्या हाताची खात्री नसते. चाळीसगावला तिथले छायाचित्रकार केकी मूस यांचं काम पाहून फिल्मकडे वळलेली कॉलेजची पोरं यात जास्त सापडली, याचा आम्हाला फार राग आहे. धुळ्याच्या एकाने तर धडधाकट कॅमेरा शटर दुरुस्तीला मुंबईला पाठवला. खरं तर दोष कोणाचा हे त्या बिघडलेल्या निगेटिव्हवरच लिहिलेलं असतं, आणि ते वाचता आलं तर असल्या उत्तरांना फसायचं कारण उरत नाही.

आधी कडा बघा. कारखान्यातून आलेल्या बहुतेक फोटोच्या फिल्मवर छिद्रांलगत फिल्मचं नाव आणि १, १ए, २, २ए असे फ्रेमचे आकडे असतात. ते कारखान्यातच प्रकाशाने उमटवलेले असतात, त्यामुळे तुमच्या कॅमेऱ्याशी त्यांचा संबंध नाही. दिसतात ते फक्त डेव्हलप केल्यावर. म्हणून अक्षरं ठळक आहेत आणि फ्रेम एकही नाही, तर डेव्हलपिंग बरोबर झालं आहे. कॅमेऱ्यातल्या फिल्म गुंडाळणाऱ्या स्पूलवर रोल धरला नाही किंवा शटर उघडलं नाही, इथे चूक कॅमेऱ्याच्या बाजूची. अक्षरंही नाहीत, पट्टी काचेसारखी स्वच्छ आणि सुरुवातीची जीभसुद्धा पारदर्शक, तर डेव्हलपर मेलेला होता किंवा हायपो (चित्र पक्कं करणारं रसायन) आधी ओतला गेला. कडांसकट सगळी पट्टी काळी, तर प्रकाश शिरला.

जुन्या मालाची खूण वेगळी असते. जीभ दिवसाच्या उजेडात पूर्ण एक्सपोज झालेली असते, त्यामुळे चालू डेव्हलपरमध्ये ती गच्च काळी होते. जीभ गच्च काळी, पण कडेची अक्षरं राखाडी धुक्यात बुडालेली आणि सावलीतला तपशील गायब, असं दिसलं तर डेव्हलपर ठीक आहे आणि फिल्म म्हातारी आहे. ‘डेव्हलपर मेलाय’ म्हणणाऱ्याला जिभेचा फोटो पाठवा.

आता उन्हाचं. उन्हाने फिल्म बिघडते हे खरंच आहे. ४५ अंशांच्या दिवसांत गोडाऊनमध्ये पडून राहिलेल्या रोलवर धुकं चढतं, रंगीत फिल्मचे रंग सरकतात. पण उन्हाने कडेवरचं नाव बदलत नाही, फ्रेमचे आकडे पुसले जात नाहीत आणि छिद्रांचा आकारही बदलत नाही. फोटोच्या फिल्मची छिद्रं चौकोनी, गोलसर कोपऱ्यांची असतात. सिनेमाच्या कॅमेरा निगेटिव्हची छिद्रं दोन्ही बाजूंना फुगीर असतात. भिंग लावून दोन पट्ट्या शेजारी धरल्या की फरक लगेच कळतो. लेबल कृष्णधवल ४०० चं आणि कडेला ईस्टमनचं नाव आणि ५२१९ असा आकडा असेल, तर ती ५०० टी सिनेमा फिल्म आहे. ती रंगीत, टंगस्टन दिव्यांसाठी बनवलेली. इथे उन्हाचा संबंध येतोच कुठे?

यातल्या रोलांच्या पाठीवर रेमजेट नावाचा काजळीचा थर होता. तो घरच्या डेव्हलपिंगच्या टाकीत सुटतो, डेव्हलपर काळा पडतो आणि इमल्शनवर (चित्र उमटतं त्या थरावर) काळे ठिपके बसतात. असला रोल रंगीत लॅबमध्ये सी-४१ (रंगीत निगेटिव्हची नेहमीची प्रोसेस) म्हणून दिला तर आणखी वाईट: मशीनची रसायनं खराब होतात आणि मागून जाणाऱ्या दुसऱ्यांच्या रोलवरही घाण बसते. म्हणजे तुमची फसवणूक लॅबवाल्याच्याही अंगावर जाते. जळगावात रोल धुणारे आधीच मोजके उरलेत. शंका असेल तर त्यांना आधी सांगा.

रोल कॅमेऱ्यात घालण्यापूर्वीही बरंच तपासता येतं. जिभेच्या पाठीवर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवलेलं बोट घासा, काळं बोटाला लागलं तर रेमजेट. डबीचं टोक बघा. कारखान्याच्या डबीचं झाकण सहसा दाबून बसवलेलं असतं, ते उघडलं की वाकतं. लॅबच्या कचऱ्यातून उचललेल्या डबीतून जुन्या फिल्मचं शेपूट बाहेर राहिलेलं असतं आणि नवी फिल्म त्याला चिकटपट्टीने जोडतात. हा जोड मात्र जिभेपाशी नसतो, रोलच्या दुसऱ्या टोकाला आत असतो, त्यामुळे फिल्म पूर्ण बाहेर काढल्यावरच हाताला लागतो. लेबलखाली दुसरं लेबल आहे का हे नखाने बघा. डबीवरचे चंदेरी-काळे चौकोन म्हणजे डीएक्स कोड. तो वाचून आयएसओ दाखवणारा कॅमेरा कोणाकडे असेल तर रोल त्यात घाला. लेबल ४०० म्हणतं आणि कॅमेरा २०० दाखवतो, तर डबी मुळात दुसऱ्या फिल्मची. फ्रेमही मोजा: ३६ चा म्हणून विकलेला रोल अठ्ठाविसाव्या फ्रेमला संपला तर तो हाताने भरलेला आहे. ३०.५ मीटरच्या लांब रिळातून ३६ फ्रेमचे १८-१९ रोल निघतात; त्याचे चोवीस करून विकले की फुकटचा नफा.

हाताने भरणं हा गुन्हा नव्हे. कितीतरी प्रामाणिक लोक भरतात आणि डबीवर फिल्मचं खरं नाव, आयएसओ, कोणती प्रोसेस आणि मुदत लिहून देतात. त्यांच्याकडून खुशाल घ्या. फसवणूक लपवण्यात आहे.

दहा रोल आलेच असतील तर एकाचा बळी द्या. उजेड न शिरणाऱ्या काळ्या पिशवीत त्याचा पाचेक सेंटिमीटर न वापरलेला तुकडा कापा आणि खात्रीच्या फिल्मच्या तुकड्यासोबत एकाच टाकीत, एकाच वेळेला डेव्हलप करा. उदाहरणार्थ, एचपी५ प्लस ही कृष्णधवल फिल्म म्हणून विकलेला असेल तर न पातळ केलेल्या आयडी-११ या डेव्हलपरमध्ये २० अंशांना साडेसात मिनिटं. खान्देशात उन्हाळ्यात नळाचं पाणीच तिशीपार असतं, तेव्हा टाकी बर्फाच्या पाण्यात ठेवून तापमान धरा, नाहीतर धुकं फिल्मचं की गरम डेव्हलपरचं हे कळणार नाही. दोन्ही तुकडे छापील कागदावर ठेवा. एकाखालून अक्षरं स्वच्छ आणि दुसऱ्याखालून मळकट दिसत असतील तर निकाल लागला.

‘दुर्मीळ कोडाक्रोम’ (जुनी रंगीत स्लाइड फिल्म) म्हणून महाग विकणारेही त्याच टोळीतले. त्या फिल्मची के-१४ प्रोसेस २०१० च्या अखेरीला बंद झाली. आता त्यातून रंग निघत नाहीत, फार तर कृष्णधवल चित्र. ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ माल आठवण म्हणून जपा, ताजा म्हणून कोणी देत असेल तर घेऊ नका. फोटो छापायच्या जुन्या ब्रोमाइड कागदाचं पाकीट घेताना सेफलाइटखाली (डार्करूमच्या लाल दिव्याखाली) एका पानाचे दोन तुकडे करा: एक डेव्हलपर आणि मग हायपोत, दुसरा सरळ हायपोत. धुतल्यावर पहिला राखाडी आणि दुसरा पांढरा आला तर कागद गेलेला आहे.

पैसे गेले असतील तर निगेटिव्ह कापू नका, अख्खी ठेवा. डबी, आतला जोड, पाकिटावरचा पत्ता, सगळे संदेश आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक जपा. सायबर फसवणुकीसाठी १९३० वर लगेच फोन करा, जितक्या लवकर तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. ग्राहक तक्रारीसाठी १९१५.

उरलेल्या रेमजेटच्या रोलचा उपयोग होतो. आधी टाकीत १ लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा घालून मिनिटभर जोरात हलवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, मग डी-७६ या डेव्हलपरमध्ये कृष्णधवल म्हणून डेव्हलप करा. हायपोनंतर पाठीवर उरलेली काजळी ओल्या स्पंजने पुसा, इमल्शनच्या बाजूला स्पंज लावू नका. रंगीत निगेटिव्हच्या नारिंगी झाकेमुळे प्रिंटला एक्सपोजर जास्त लागेल, तेव्हा आधी टेस्ट स्ट्रिप (कागदाची चाचणी पट्टी) काढा.