ब्रिटिश पाथे की फिल्म्स डिव्हिजन?

जुन्या वृत्तचित्रांत भारत शोधायचा तर सुरुवात ब्रिटिश पाथे या जुन्या ब्रिटिश वृत्तचित्र कंपनीपासून करावी. २०१४ मध्ये त्यांनी सुमारे ८५,००० चित्रफिती यूट्यूबवर मोफत खुल्या केल्या. १९३१ साली गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेलेले गांधीजी घरबसल्या दिसतात. निवेदन मात्र ब्रिटिश प्रेक्षकांसाठी केलेलं, नजर साम्राज्याची. म्हणून एकदा आवाज बंद करून नुसते चेहरे, कपडे, रस्ते बघा. खरा ऐवज तिथे आहे.

फिल्म्स डिव्हिजन ही भारत सरकारची चित्रपट संस्था होती, १९४८ची, मुंबईची. सिनेमाआधी सक्तीने लागणारी तिची समाचारचित्रं आपल्या आईवडिलांच्या पिढीने थिएटरात पाहिली. सूर सरकारी, पण धरणं, पूर, निवडणुका आपल्या. स्वातंत्र्यानंतरच्या काळासाठी मी हाच संग्रह निवडेन.