डाउन्टन ॲबी: जिन्याच्या वर आणि खाली

खानापूर भागातल्या देसाई वाड्यांवर ज्यांच्या घरची माणसे राबली, त्यांना १९१२ साली टायटॅनिक बुडून घराण्याचा वारस गेल्याच्या बातमीने सुरू होणारी ‘डाउन्टन ॲबी’ ही ब्रिटिश मालिका फारशी परकी वाटणार नाही; वारस गेला की वाड्याचे काय होते, हे आमच्याकडे वेगळे सांगावे लागत नाही. घंटा वाजताच तळघरातून जिने चढणारे नोकर आणि त्यांच्यातली उतरंड मालकांहूनही कडकपणे जपणारा बटलर कार्सन, हे चित्रण सर्वांत सरस उतरले आहे. स्वयंपाकीण मिसेस पॅटमोर आणि तिच्या हाताखालची डेझी यांची कुरबूर तर मी दोनदा पाहिली. मालक मात्र अतिच कनवाळू दाखवले आहेत. वाड्यात आयुष्यभर मागच्या दारानेच ये-जा केलेल्या आमच्या आजीने दोन भाग पाहून नुसती मान हलवली. सहा पर्वांपैकी शेवटची रेंगाळतात.