ई-७१ की ई-६३: दुसरा फोन म्हणून जुना नोकिया घेताना

माझा भाचा एमपीएससीच्या तयारीसाठी नाशिकला आला, त्याला आता वर्ष होईल. गंगापूर रोडच्या एका अभ्यासिकेत सकाळी सातला बसतो, रात्री नऊला उठतो. मागच्या महिन्यात जेवायला आला तेव्हा म्हणाला, "मामा, मोठा फोन परीक्षेपर्यंत आईकडे ठेवून देतोय. एम.जी. रोडला दोन जुने नोकिया बघून आलो, ई-७१ आणि ई-६३. तुम्ही दोन्ही वापरलेत ना? कुठला घेऊ?"

त्याला तेव्हा घाईत जे सांगितलं ते अर्धवट होतं. शिवाय हल्ली अभ्यासिकेतली मुलंच नव्हे, माझ्या वयाची माणसंही असा दुसरा फोन शोधताना दिसतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नुसता साधा बटणांचा फोन घ्यायचा नसेल, कॅलेंडर, नोंदी, नीट टाइप करता येईल असा कीबोर्ड हवा असेल, पण दर पाच मिनिटांनी हाक मारणारं काही नको असेल, तर २००८ च्या आसपासचे स्मार्टफोन खरंच कामाचे आहेत. त्या काळातली दुसरी नावं मी बाजूला ठेवतो. ब्लॅकबेरीचा कीबोर्ड मला आवडायचा, पण कंपनीनं ४ जानेवारी २०२२ ला जुन्या फोनच्या सेवाच बंद केल्या. आता तो घेणं म्हणजे जोखीम. आयफोन थ्रीजी ऑगस्ट २००८ मध्ये आपल्याकडे ३१ हजारांना आला होता आणि दिसायला आजही देखणा आहे. पण त्याची बॅटरी झाकण काढून बदलता येत नाही, आणि इतक्या जुन्या फोनात पहिली मान टाकते ती बॅटरीच. त्यामुळे फिरून फिरून गाडी या दोन नोकियांवरच येते.

दोघं सख्खे भाऊ. ई-७१ जून २००८ मध्ये जाहीर झाला, ई-६३ त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये. आतली सिम्बियन (फोन चालवणारी प्रणाली) तीच, पडदा त्याच मापाचा, बॅटरीही तीच, बीपी-४एल, १५०० एमएएच. एकाची बॅटरी काढून दुसऱ्यात घातली तरी चालते, मी कित्येकदा तसं केलं आहे. म्हणून वेगाची किंवा बॅटरीची तुलना करत बसण्यात अर्थ नाही. फरक आहे तो अंगाखांद्याचा, आणि रोज हाताळताना तोच जाणवतो.

मी ई-७१ घेतला २००९ मध्ये. तेव्हा ई-६३ स्वस्त होता, आणि पैसे आहेत तर थोरला भाऊच घ्यावा असं वाटलं. त्या निर्णयाचा मला पश्चात्ताप नाही. हातात घेतल्यावर त्याचं वजन आणि पोलादाचा स्पर्श लगेच कळतो. जाडी फक्त १० मिलिमीटर. शर्टाच्या खिशात ठेवला की खिसा लोंबत नाही. कीबोर्डची प्रत्येक कळ मधोमध फुगीर, त्यामुळे न बघता टाइप करता यायचं. द्राक्षाच्या व्यापाऱ्याशी बोलता बोलता एका हातानं भाव टिपून ठेवायचो. कॅमेरा ३.२ मेगापिक्सेलचा आणि त्याला ऑटोफोकस. 'टी'ची कळ दाबली की फोकस बसतो. द्राक्षाच्या पानावर डाऊनी रोगाचा डाग दिसला की जवळून फोटो काढून कृषी सल्लागाराला दाखवता यायचा. ई-६३ चा कॅमेरा २ मेगापिक्सेलचा, फोकस ठरलेला. त्यात जवळचं पान धूसर येतं, डाग आहे की माती हे कळत नाही. कागदाचा, पानाचा, पुस्तकातल्या उताऱ्याचा फोटो काढण्याची सवय असेल तर इथे ई-७१ सरळ सरस आहे, यात मी कुठलाही आडपडदा ठेवत नाही.

ई-७१ ला जीपीएस आहे, ई-६३ ला नाही. पण आज त्या फोनात नकाशे उतरवून घेणं हाच मोठा खटाटोप आहे, म्हणून मी त्याला गुण देत नाही. ई-७१ चं थ्रीजी जास्त वेगाचं, हेही आज निरुपयोगी, कारण आपल्याकडे थ्रीजीच जवळपास संपलं आहे.

इथवर वाचून कुणालाही वाटेल की ई-७१ च घ्यावा. मलाही दीड वर्ष तसंच वाटत होतं. मग काय झालं ते सांगतो.

आमची बाग दिंडोरी तालुक्यात. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर काड्यांवर पेस्ट लावायचं काम चालतं, तेव्हा मी मजुरांबरोबर दिवसभर बागेत असतो. हातात मोजे, त्यावर पेस्ट. अशा वेळी सोबत एकच, रेडिओ. आकाशवाणी नाशिक लावायचं, फोन खिशात, इयरफोनची एक कळी कानात, दुसरी मोकळी, म्हणजे कुणी हाक मारली तर ऐकू येते. दोन्ही फोनांत एफएम आहे आणि त्याला इंटरनेट लागत नाही. मात्र इयरफोनची वायर हाच त्याचा अँटेना असतो. ती नीट बसली नसेल तर रेडिओ नाही.

आणि ई-७१ ला इयरफोनचं भोक २.५ मिलिमीटरचं आहे. त्या काळात पातळ फोनांना ही बारीक पिन असायची, त्यात नवल काही नव्हतं. सोबत आलेला हेडसेट होता तोवर काही जाणवलं नाही. एका छाटणीत त्याची वायर तारेला अडकून तुटली. दुसरा बारीक पिनचा मिळेना, म्हणून मेनरोडला एका दुकानातून कन्व्हर्टर आणला: एका बाजूला बारीक पिन, दुसऱ्या बाजूला नेहमीच्या ३.५ च्या पिनसाठी भोक. तिथून माझ्या त्रासाला सुरुवात झाली. हे भोक फोनच्या डाव्या बाजूला आहे, वर किंवा खाली नाही. त्यात कन्व्हर्टर, त्यात इयरफोनची पिन, असा बोटभर दांडा फोनच्या कुशीतून आडवा बाहेर येतो. फोन खिशात उभा ठेवला की तो दांडा बरगडीला टोचतो. खाली वाकलं की तो हलतो, आणि हलला की खरखर. द्राक्षाच्या मांडवाखाली माणूस दिवसातून किती वेळा वाकतो हे बागेत काम केलेल्यालाच माहीत. बातम्या चालू आहेत, हवामानाचा अंदाज येणार, आणि नेमकी त्या वाक्याला खरखर. मोजे काढा, हात पुसा, दांडा फिरवा, मोजे घाला. दहा मिनिटांत पुन्हा तेच.

त्या दोन हंगामांत मी चार कन्व्हर्टर वापरले. एक हरवला, दोन सैल झाले, एक ओढ बसून आतच तुटला, तो टाचणीनं काढावा लागला. फोन उत्तम, कीबोर्ड उत्तम, आणि ज्या एका गोष्टीसाठी मी तो दिवसभर अंगावर बाळगत होतो तीच धड होईना. शेवटी २०११ च्या छाटणीआधी मी एक वापरलेला ई-६३ घेतला. ई-६३ ला ३.५ चं भोक आहे. कुठलाही इयरफोन, अगदी एसटी स्टँडवर मिळणारा, सरळ बसतो. त्या दिवशी सकाळी आठ ते संध्याकाळी पाच आकाशवाणी एकदाही तुटली नाही. मी फोन बदलला तो एवढ्यासाठी.

तुम्हाला रेडिओ ऐकायचा नसेल तर हे कारण क्षुल्लक वाटेल, ते मी समजू शकतो. पण मोबाइल डेटा बंद केलेल्या माणसाला रेडिओ आणि कार्डात भरलेली गाणी, व्याख्यानं हाच आधार असतो. भाचा रोज अभ्यासिकेपासून सीबीएस बसस्थानकापर्यंत चालत येतो, कानात चालू घडामोडींची रेकॉर्डिंग घालून. त्याच्यासाठी हे भोकच सगळ्यात मोठी गोष्ट ठरणार आहे, असं मला वाटतं.

घेतल्यावर ई-६३ मध्ये आणखी एक गोष्ट सापडली, आणि आता तिच्याशिवाय मला करमत नाही. होम स्क्रीनवर स्पेसची कळ दाबून धरली की कॅमेऱ्याजवळचा दिवा टॉर्च म्हणून लागतो. शेतीची थ्री फेज लाइट आमच्याकडे पाळीनं येते. एक आठवडा दिवसा, तर एक आठवडा रात्री. रात्रीच्या पाळीत दोन वाजता उठून मोटर चालू करायला जायचं, व्हॉल्व्ह फिरवायचे, ड्रिपची लॅटरल, म्हणजे ओळीतली बारीक नळी, कुठे फुटली का बघायचं. मेनूत जायचं नाही, काही शोधायचं नाही, अंगठ्याला ती रुंद कळ अंधारातही सापडते. ई-७१ लाही दिवा आहे, पण तो फ्लॅश म्हणून. टॉर्च हवी तर वेगळं ॲप घालावं लागतं. आणि आज सिम्बियनचं ॲप घालायचं म्हणजे सर्टिफिकेटची मुदत संपलेली असते, फोनची तारीख मागे नेऊन खटपट करावी लागते. थंडीचंही सांगतो. जानेवारीत निफाड-दिंडोरीकडची रात्र कशी असते ते इकडच्या माणसाला सांगायला नको. त्या गारठ्यात ई-७१ चं पोलाद हातात धरवत नाही. ई-६३ ची पाठ रबरासारखी, मऊ. ती तितकी गार लागत नाही आणि ओल्या हातातून सटकतही नाही.

ई-६३ मध्ये खोडी आहेत, त्या लपवणार नाही. तो ३ मिलिमीटरनं जाड आहे आणि ते खिशात कळतं. आवाज कमी-जास्त करायला बाजूला कळा नाहीत; मधल्या चौकटी बटणानं करावं लागतं, म्हणजे खिशातून फोन बाहेर काढणं आलं. ई-७१ मध्ये हे काम बोटानं चाचपून होतं. ई-६३ च्या कीबोर्डच्या कळा चपट्या आहेत. पहिला आठवडा माझी बोटं चुकत होती, नंतर बसली. आणि दिसायला तो ई-७१ पुढे उणाच. समोर कुणी बसलं असताना टेबलावर ठेवायचा असेल तर ई-७१ च ठेवावा.

एक सोय दोन्हीकडे सारखी आहे आणि ती विद्यार्थ्यांना फार उपयोगी पडेल. दोन वेगवेगळे होम स्क्रीन ठेवता येतात आणि त्यांच्यात अदलाबदल करता येते. मूळ कल्पना कामाचा एक आणि घरचा एक अशी. भाच्याला मी सुचवलंय की एकावर फक्त कॅलेंडर आणि नोंदी ठेव, दुसऱ्यावर गाणी आणि रेडिओ. बसल्यावर पहिला, उठल्यावर दुसरा.

काय चालणार नाही तेही आधीच पक्कं समजून घ्या. सिम्बियनवरचं व्हॉट्सॲप २०१७ मध्येच बंद झालं. आजच्या बहुतेक वेबसाइट त्या ब्राउझरला उघडत नाहीत. जिओचं सिम चालणार नाही, कारण जिओकडे टूजी-थ्रीजी नाहीच. एअरटेल, वी (व्होडाफोन-आयडिया) किंवा बीएसएनएलचं टूजी लागेल. सिम मोठ्या मापाचं लागतं, तेव्हा नॅनो सिमचा कापून टाकलेला सांगाडा जपून ठेवा. बँकेचे ओटीपी व्यवस्थित येतात. *९९# डायल करून शिल्लक बघता येते, पैसेही पाठवता येतात, फक्त मेनू वाचत जायला थोडा धीर लागतो. हॉलतिकीट वगैरेसाठी सायबर कॅफे किंवा घरचा लॅपटॉप धरावाच लागेल.

आता घेताना. दुकानात उभं राहूनच स्वतःच्या मोबाइलवरून त्या फोनवर एक मराठी एसएमएस पाठवा. अक्षरांच्या जागी चौकोन दिसले तर तो पीस सोडून द्या, मग किंमत कितीही कमी असो. *#०६# दाबून आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) बघा, आणि बॅटरी काढून आतल्या स्टिकरवरच्या आकड्याशी जुळवा. *#९२७०२६८९# दाबलं की तो फोन आजवर किती तास बोलण्यात गेला ते दिसतं. चकचकीत नव्या बॉडीमागे किती झिजलेला फोन आहे याचा त्यावरून अंदाज येतो. ई-७१ च्या बाबतीत बॉडी जरा जास्तच बघून घ्या, कारण त्याची नक्कल केलेली झाकणं बाजारात पुष्कळ फिरतात. खरं झाकण हाताला गार आणि जड लागतं. आणि दोन्हीसाठी बॅटरी नीट पारखून घ्या. मी एकदा स्वस्तातली डुप्लिकेट आणली, तिसऱ्या महिन्यात ती फुगली आणि ई-६३ चं झाकण बसेना. चार्जर बारीक पिनचाच लागतो. मायक्रो यूएसबीचं भोक दोघांनाही आहे, पण त्यातून चार्ज होत नाही. जुन्या नोकियाचा चार्जर घरात कुठल्यातरी खणात असतोच, तो आधी शोधा.

फोटो आणि देखणेपणा तुमच्यासाठी आधी येत असेल, इयरफोनचा फारसा संबंध नसेल, तर ई-७१ घ्या, मी अडवणार नाही. माझा ई-७१ अजून कपाटात आहे आणि मी तो विकणार नाही. पण भाच्याला मी दोन्ही फोन समोर ठेवून निवडायला सांगितलं नाही. माझा ई-६३ त्याच्या हातात दिला, कार्डात त्याची रेकॉर्डिंग भरून दिली आणि म्हटलं, पंधरा दिवस वापर, मग एम.जी. रोडला जा. काल त्याचा मिस्ड कॉल आला, मी परत फोन केला. म्हणाला, "मामा, अभ्यासिकेत लाइट गेली होती, स्पेस दाबून धरली." मग थोडं थांबून विचारलं, "हा माझ्याकडेच राहू दिला तर चालेल का?"

छाटणी अजून दोन महिने लांब आहे. तोवर मला दुसरा ई-६३ बघावा लागेल.